गाडीतली ओल

बेळगावचा पाऊस मिरगात एकदा उतरला, की पुढं नवरात्रापर्यंत घरातली बाई एकाच गोष्टीशी भांडत असते. ओलीशी. मिठाचं पाणी होतं, पापड वातड होतात, काड्यापेटी घासून घासून कंटाळा येतो, कपाटातल्या इरकलीच्या घडीला हात लावावा तर ती गार लागते. माझ्या लहानपणी शेगडीवर पाटी पालथी घालून तिच्यावर बाळाचे कपडे वाळवायचे. आता शेगडी गेली, पण ओल काही गेली नाही. दोन उन्हं पडली, की गाद्या, सतरंज्या, छत्र्या, चपला सगळं अंगणात काढायचं, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

त्यातून जैनाचं घर असलं, की ओलीकडं नुसतं नुकसान म्हणून बघता येत नाही. पीठ दळून आणलं की दिवस मोजायचे. हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात फक्त 3. आमच्या मुलीला लग्नाआधी हा हिशेब म्हणजे आज्जीचा हट्ट वाटायचा. मी तिला म्हणायची, अगं, नीट बघ, हा आकडा हवेतल्या ओलीचा आहे. जितकी ओल जास्त, तितकी वस्तूची मुदत कमी. बुरशी आली म्हणजे ती वस्तू बिघडली एवढंच आपण म्हणत नाही. तिथं अनंत जीवांनी वस्ती केली असं आपण मानतो. मग ती खाता येत नाही, आणि खरवडून टाकतानाही हात कचरतो. म्हणून आपल्या बायकांचं सगळं शहाणपण ती वस्ती होऊच न देण्यात गेलेलं आहे. वाळवणं, गाळणं, झाकणं, दिवस मोजणं.

एवढी सगळी तयारी असलेल्या घराच्या दारात चार चाकांची एक बंद खोली उभी असते. तिच्या ओलीकडं कुणी बघायचं, हे मात्र कुठल्याच घरात ठरलेलं नसतं. गाडी पुरुषांची. हवा भरणं, ऑइल बदलणं, विमा, सगळं त्यांचं. बायका मागं बसतात. आणि वास पहिल्यांदा मागं बसणाऱ्यांनाच येतो, असं माझं मत आहे. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं.

आमची गाडी आठ वर्षांची, पेट्रोलची, लहानशीच. गेल्या आषाढात एसी लावला की पहिल्या अर्ध्या मिनिटात एक कुबट झोत यायला लागला. ओल्या पायपुसण्यासारखा, महिनाभर न उघडलेल्या पेटीसारखा. मग तो ओसरायचा, किंवा नाकाला त्याची सवय व्हायची. ह्यांनी मोगऱ्याच्या वासाची डबी आणून पुढं ठेवली. पायपुसण्याला मोगऱ्याचा वास येऊ लागला. मग मुलानं आरशाला लिंबाच्या वासाचं एक हिरवं पान टांगलं. कुणीतरी कापराच्या वड्या सांगितल्या, त्याही झाल्या. एक दिवस ह्यांनी उदबत्तीचा विषय काढला, तेव्हा मात्र मी आडवी आले. बंद गाडीत धूर करायचा, तो आतल्या ओल्या भागावर जाऊन बसणार, आणि आधीच्या वासात आणखी एकाची भर पडणार. भाजी नासली म्हणून कुणी वरून हिंगाची फोडणी देतं का?

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दमा आहे, पण बेताचा. पंप पिशवीत असतो, रोज लागत नाही. आठवड्यातून दोनदा बस्तीला आणि महिन्यातून एकदा निपाणीला लेकीकडं, एवढंच त्यांचं जग. आषाढ सरता सरता त्या म्हणायला लागल्या, "आज नको. पाय दुखतात." मग, "आज राहू दे, पाऊस आहे." श्रावणात निपाणीला जायचं ठरलं होतं, तेही त्यांनी मोडलं. हे म्हणाले, वय झालं. नणंद फोनवर रडवेली झाली, आईला आता कुठं जावंसं वाटत नाही म्हणून. सगळ्यांनी ते वयाच्या खात्यावर टाकून दिलं.

पण मी रोज त्यांच्यासोबत असते. गल्लीत कुणाकडं तरी बारसं होतं. गाडी कामावर गेली होती, म्हणून मी रिक्षा बोलावली. आत्याबाई टुणकन चढल्या. पाय दुखले नाहीत, पावसाचंही काही म्हणाल्या नाहीत. येताना तर म्हणाल्या, "जरा लांबनं घे रे बाबा, किल्ल्याकडनं. तळं बघून जाऊ." त्या दिवशी रात्री मी त्यांना विचारलं, "आत्याबाई, आपल्या गाडीत बसलं की काय होतंय?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "छातीवर ओला टॉवेल टाकल्यागत होतंय गं. पण पोरानं एवढी हौसेनं घेतलीय गाडी. कसं सांगायचं?"

दशलक्षण पर्व पंधरा दिवसांवर आलं होतं. दहा दिवस रोज बस्तीत जाण्याचा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. रोज सकाळी पावसात रिक्षा शोधणं आमच्या भागात काही सोपं नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, मिस्त्रीकडं मीही येते.

मिस्त्री उद्यमबागेकडचे, मुलाच्या ओळखीचे. पहिली दहा मिनिटं ते ह्यांच्याशीच बोलत होते. मी विचारलं तरी उत्तर ह्यांना. शेवटी मी म्हटलं, "मिस्त्री, ह्यांना वास येतच नाही. ज्याला येतो त्याला विचारा." ते हसले, म्हणाले, "बरोबर हाय वैनी. सांगा, कवा येऊलाय?" मग मी सगळं सांगितलं. एसी लावताच येतो, थोड्या वेळानं कमी होतो, नुसता पंखा लावला तरी थोडा येतो, काचा उघड्या असल्या की कळत नाही. माझ्या पायाखालची चटई डाव्या बाजूला ओली लागते, तेही सांगितलं. त्यावर त्यांनी कान टवकारले.

त्यांनी जे समजावलं ते असं. समोरच्या फळीच्या आत, आपल्याला दिसणार नाही अशा जागी, बारीक पत्र्यांची एक गार जाळी असते. पंखा हवा तिच्यातून ढकलतो, हवा गार होऊन बाहेर येते. आता थंड पाण्याचा तांब्या पावसाळ्यात ओट्यावर ठेवला की बाहेरून घामेजतो की नाही? तसंच होतं. हवेतली वाफ त्या जाळीवर पाणी होऊन बसते. ते पाणी खाली एका तबकात जमतं आणि एका रबरी नळीतून रस्त्यावर ठिबकतं. एसी लावून उभ्या राहिलेल्या गाडीखाली जे थारोळं दिसतं ते हेच. ते दिसलं की बिघाड समजून घाबरायचं नाही. उलट दमट दिवशी ते दिसलं नाही, तर काळजी करायची.

खरी गडबड गाडी बंद केल्यावर होते. जाळी ओलीच राहते. हवेतली धूळ, पानांचा चुरा, आपल्या कपड्यांचे तंतू त्या ओलीला चिकटतात. अंधार, ओल आणि खाऊ, बुरशीला आणखी काय हवं? रात्रभर ती तिथं सुखानं वाढते आणि सकाळी आपण बटन दाबलं, की तिचा पहिला श्वास आपल्या तोंडावर येतो.

मला यात एक गंमत वाटली. हे यंत्र मुळात गारव्यासाठी जन्मलंच नाही. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवेतली ओल ताब्यात ठेवणारं यंत्र त्यांच्यासाठी आखलं. गारवा हा त्यातला लाभ. गाडीत ते यायला आणखी साडेतीन-चार दशकं गेली. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं 1940 च्या मॉडेलवर ते द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याचा मोठा भाग मागच्या डिकीत असे, आणि ते बंद करायचं तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! म्हणजे ज्या यंत्राचा जन्म ओल काढायला झाला, तेच आता ओल साठवून बसलेलं. कागदाची ओल काढली, पण काढलेली ओल कुठं ठेवायची, हा प्रश्न शेवटी बाईच्या नाकापर्यंत आला.

नाकाचं सांगायचं तर आणखी एक. पहिल्या पावसाला मातीचा जो वास सुटतो, ज्यावर आमच्या बी.ए.च्या वर्गात कविता शिकवल्या जायच्या, त्या वासातला मोठा वाटा मातीतल्या सूक्ष्म जीवांनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. माणसाचं नाक ते अगदी कणभर असलं तरी ओळखतं. कन्नौजला मातीचं अत्तर काढतात, ते त्याच वासाच्या ओढीनं. बीटला मातकट वास येतो तोही त्याचाच, असं वाचलं. आमच्या घरात बीट येत नाही, त्यामुळं पडताळा बघायची सोय नाही. सांगायचं एवढंच, की ओलीत राहणाऱ्या जीवांचा वास पकडायला आपलं नाक फार तल्लख आहे. अंगणात तो आला की आपण खोल श्वास घेतो, बंद पेटीत आला की मागं सरतो. घरात कुणी म्हातारं माणूस "वास येतो" म्हणालं तर त्याला नखरा समजू नये. दम्याच्या माणसाला बुरशीचे बारीक कण खरोखरच त्रास देतात, आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

तर मिस्त्रींनी काम सुरू केलं. डाव्या बाजूचा सामान ठेवायचा कप्पा दोन्हीकडून दाबून खाली सोडला, आणि मागून एक चौकोनी, घड्या घातलेला कागदासारखा तुकडा ओढून काढला. हा हवेचा फिल्टर. आतल्या माणसांसाठीचा, इंजिनाचा वेगळा असतो. माझ्या हातात दिला. बायांनो, काय सांगू! गिरणीच्या कोपऱ्यात टांगलेलं फडकं त्यापेक्षा बरं. काळा पडलेला, मधे पिंपळाच्या पानाच्या शिरा, कसलेसे पंख, आणि घड्यांमधे ओल. तीन वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता, दर सर्व्हिसिंगच्या बिलावर मात्र "तपासले" असं लिहिलेलं होतं. कुठल्या सर्व्हिसिंगवाल्याचं ते सोडून द्या. घरी पाणी गाळायचं फडकं आपण रोज धुतो, वाळवतो, विरलं की बदलतो. श्वास गाळायचं फडकं मात्र तीन वर्षं.

नवा फिल्टर साडेतीनशे रुपयांना मिळाला. त्याच्या कडेला एक बाण असतो, हवा कुठून कुठं जाते ते दाखवणारा, त्याप्रमाणंच बसवायचा. साधारण वर्षाला एक, फार धुळीचा रस्ता असला तर आधीच. हे काम घरी करता येतं. आता मीच करते. आमच्या गाडीला पान्हासुद्धा लागत नाही.

मग मिस्त्री गाडीखाली शिरले. पाण्याची नळी चिखलानं आणि कुजक्या पानांनी बुजली होती. मऊ तारेनं आणि हळूच हवा मारून मोकळी केली, तशी भळभळ पाणी आलं. जे रस्त्यावर पडायचं ते आत साठत होतं, आणि तिथून माझ्या पायाखाली झिरपत होतं. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी एक जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत जाते. आमची गाडी पिंपळाखाली उभी असते. त्या जाळीखालून त्यांनी ओंजळभर पानं काढली. घरी आणून मी चटया काढल्या, खालचा गालिचा उचलून दोन दिवस खाली पंखा सोडला, वर खाण्याचा सोडा भुरभुरून दुसऱ्या दिवशी झाडून काढला.

तिसरी गोष्ट, गरम हवा. एसी बंद ठेवायचा, गरम हवेचा कान पूर्ण फिरवायचा, पंखा जोरात, बाहेरची हवा आत घेणारं बटन, चारही काचा खाली, आणि इंजिन तापल्यावर पंधरा मिनिटं. मोकळ्यावर करायचं, बंद गॅरेजमधे कधीही नाही. इंजिनाच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो. आम्ही उघडीप बघून तीन दिवस केलं. शेगडीवरची पाटी आठवली मला.

वास बारा आणे गेला. चार आणे राहिला.

त्या चार आण्यांवरून मात्र घरात चर्चा झाली. मिस्त्री म्हणाले, आता जाळीवर फोम मारू, सगळे जंतू मरतील, एकदम साफ. हे "सगळे जंतू मरतील" त्यांनी इतक्या उत्साहानं सांगितलं, आणि मुलानं ते घरी येऊन तितक्याच उत्साहानं आज्जीला सांगितलं. आत्याबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. म्हणाल्या, "माझ्यासाठी नको. पर्वाच्या तोंडावर माझ्या नावानं एवढे जीव कशाला मारता? मी रिक्षानं जाईन. नाहीतर घरी बसून सामायिक करीन."

मुलगा हसला. मी हसले नाही. हे दोन्ही बाजूंनी खरं होतं. गृहस्थाच्या जगण्यात हिंसा सुटत नाही, हे आपलं शास्त्रही मानतं. म्हणून तर चार प्रकार सांगितले, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. स्वयंपाक, झाडलोट, धुणं यांतली ती आरंभी. ठरवून मारणं श्रावकानं सोडायचं, आणि घरकामातलं जितकं टळेल तितकं यत्नानं टाळायचं. गाडीची जाळी धुणं मोरी धुण्यापेक्षा वेगळं नाही, असं मी आत्याबाईंना म्हटलं. त्यांनी विचारलं, "मोरी आपण शेवाळ येईतो ठेवतो का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि खरं तर त्यातच उत्तर होतं. मारण्याचा प्रश्न येतो तो आधी वाढू दिल्यामुळं. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला पुढं ठेवलं आहे, हे पाठशाळेत आम्ही घोकलं होतं. बेसावधपणा. गाडीच्या बाबतीत तो कसा दिसतो, ते मी त्या काळ्या फिल्टरमधे बघितलं होतं. दुसरी बाजू अशी, की जाळी तशीच ठेवली तर तिथं रोज नवे जीव उपजणार, वाळणार, मरणार, आणि उरलेले आमच्या फुप्फुसांत जाणार. न धुण्यानंही अहिंसा होत नव्हती, नुसतं नजरेआड होत होतं.

शेवटी आम्ही असं केलं. पर्वाचे दहा दिवस एसीला हातच लावायचा नाही. पुढच्या काचा दोन बोटं खाली, पंखा बाहेरच्या हवेवर, आत्याबाई पुढच्या सीटवर. चार आण्यांचा वास त्यांना तेवढा जाणवला नाही. दहाही दिवस बस्तीत पोचल्या. एकदा पाऊस इतका होता की काचेवर आतून धुकं धरलं आणि मुलाला दोन मिनिटं एसी लावावाच लागला. काचेचं धुकं काढायला एसीच हवा, ते सुरक्षिततेचं काम, तिथं हट्ट करायचा नसतो. त्यांनी पदर नाकाला लावला, बोलल्या काही नाहीत.

दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर, त्या आपणहून म्हणाल्या, "करा काय करायचं ते. पण एकदाच. पुन्हा ती वेळ येऊ द्यायची नाही, असं कबूल असेल तर." ह्यांनी कबूल केलं, मुलानंही केलं. मिस्त्रींनी फिल्टर काढून त्या जागेतून बारीक नळीनं जाळीवर फोम सोडला, इंजिन बंद ठेवून वीस मिनिटं थांबले. फेसाचं पाणी होऊन खालच्या नळीतून काळपट गळलं. मग काचा उघड्या ठेवून बराच वेळ पंखा. आत्याबाईंना त्या दिवशी गाडीजवळ येऊ दिलं नाही, कारण त्या औषधाचाही वास दम्याला चांगला नाही. कुणी फिनेल किंवा कपड्यांचं ब्लीच फवारायला सांगितलं तर ऐकू नका. जाळी पातळ अल्युमिनियमची असते, ती खराब होते, आणि तो वास आपण नाकात घेतो ते वेगळंच.

कबुलीचं पालन असं चालतं. घर तीन-चार मिनिटांवर आलं, की एसीचं बटन बंद, पंखा चालू, हवा बाहेरची. एवढ्यात जाळी बरीचशी सुकते. आमच्यासाठी खूण दुसरं रेल्वे गेट. आतली हवा आतच फिरवणारं बटन धूर, धूळ, ट्रकच्या मागं अडकलं, एवढ्यापुरतंच. ते कायम चालू ठेवायची आमच्या मुलाची सवय होती, गाडी लवकर गार होते म्हणून. पण त्यात आपल्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची सगळी वाफ आतच घुमते. ओल्या छत्र्या डिकीत एका तसराळ्यात, आणि घरी आल्यावर बाहेर. पिंपळाची पानं दर रविवारी. गाडीत खाण्याचं काही ठेवायचं नाही, प्रसादाची पुडीसुद्धा नाही. मागच्या गल्लीत एकाच्या गाडीत उंदरानं पंख्याशेजारी घर केलं होतं, ते पुढं कसं कळलं ते मी इथं लिहीत नाही.

मिस्त्रींनी आणखी एक सांगितलं होतं, ते उपयोगाचं आहे. प्रत्येक वास ओलीचा नसतो. गोडसर वास यायला लागला, काचेवर चिकट धुकं धरलं आणि पायाखाली ओलं लागलं, तर ते इंजिन थंड ठेवणारं पाणी गळत असण्याची शक्यता. जळका, प्लॅस्टिकसारखा वास म्हणजे वायरीचं काही. पेट्रोलचा वास आला तर गाडी थांबवून आधी सगळ्यांनी उतरायचं. यातलं काहीही सोडा भुरभुरून जात नाही. आणि तिथं "तुला काहीतरी वाटतंय" असं कुणी म्हणालं, तर बायकांनी ऐकून घेऊ नये.

मुलगा अजून मधेच विसरतो. ह्यांचं म्हणणं, नव्या गाड्यांत काहींना गाडी बंद केल्यावर पंखा आपोआप फिरून जाळी सुकवायची सोय असते, आपण तशीच घेऊ. घ्या, मी कुठं नाही म्हणते. तोवर फिल्टर बदलायची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅसच्या नोंदणीशेजारी लिहिलेली आहे.

यंदा मिरगाच्या आठवड्यात आत्याबाईंना निपाणीला नेलं, वाटेत स्तवनिधीला दर्शन करायचं ठरलं होतं. तवंदीचा घाट लागला तशा त्या मागून म्हणाल्या, "तो बर्फाचा बटन बंद करा की आता." मुलगा म्हणाला, "आज्जी, अजून वेळ आहे." "असू दे रे. वाळायला वेळ लागतो." त्यानं बटन बंद केलं. मग त्यांनी काचही खाली घेतली, आणि पावसाची एक सर सरळ माझ्या मांडीवर आली.